तीन मडकी आणि दोन खड्डे: चौदा महिने वापरून लिहिलेला कंपोस्ट किटचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढे जातील. मडक्यांना पाचपैकी चार. सोबत येणाऱ्या जादूच्या पावडरला दोन, तेही दया म्हणून. दुकानाला अडीच. आणि मुरबाडच्या आमच्या जागेवर जो दोन खड्ड्यांचा संडास आहे त्याला पाचपैकी पाच. तो या किटमध्ये येत नाही हे मला माहितीये, पण त्याच्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धवट राहील. जेवताना मोबाईल बघायची सवय असेल तर हे नंतर वाचा, मग बोलू नका सांगितलं नव्हतं म्हणून.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, माणसं पाच आणि बाल्कनी म्हणायची म्हणून बाल्कनी, त्यात वॉशिंग मशीन, सासूबाईंची तुळस आणि मुलाची न चालवलेली सायकल. तरी गेल्या वर्षी जानेवारीत घोडबंदर रोडवरच्या एका गार्डनिंगच्या दुकानातून हे किट घेतलं, ३४०० रुपये आणि घरपोच आणायचे वेगळे २५०. आत भाजलेल्या मातीची तीन मोठी मडकी, झाकण, कोकोपीटची म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्श्याची वीट, कचरा कुजवायच्या पावडरची दोन पाकिटं, एक खुरपं आणि चार रंगात छापलेलं पत्रक. दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण हीच मडकी चार नावांनी चार ठिकाणी मिळतात, आणि माझं भांडण एका दुकानाशी नाहीच, या धंद्याच्या एका सवयीशी आहे.

तिसरं मडकं येताना तडकलेलंच आलं. फोटो पाठवला, "उद्या बदलून देतो मॅडम", असे तीन आठवडे उद्या झाले. शेवटी दिलं मात्र, आणि पैसे न घेता दिलं, म्हणून अडीच. नाहीतर दीडच दिले असते.

मडकी कशी चालतात ते थोडक्यात सांगते. वरच्या दोघांना तळ नसतो, सुतळीची जाळी विणलेली असते, सगळ्यात खालच्याला तळ असतो. रोजचा ओला कचरा वरच्यात टाकायचा, त्यावर सुकं काहीतरी पसरायचं. महिनाभरात भरलं की ते मधे ठेवायचं आणि मधलं रिकामं वर घ्यायचं. तेही भरलं की मधला माल खालच्यात ओतायचा, आणि असं फिरवत राहायचं. मातीचंच का, तर भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात, माठातलं पाणी ज्यामुळे गार होतं तीच छिद्रं, त्यातून ओल बाहेर येते आणि थोडी हवा आत जाते. माझ्या जावेने याच्या आधी प्लास्टिकचा नळवाला डबा घेतला होता, त्यात तळाशी एवढं पाणी साचायचं की तिने शेवटी त्यात धुण्याच्या चिमट्या ठेवल्या.

पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलंय, वास येत नाही. येतो. निदान पहिल्या महिन्यात आला, आणि नुसता वास नाही तर चिलटं, आणि मडक्याच्या बाहेरून घाम सुटल्यासारखं तपकिरी पाणी, ते टाइल्सवरून वाहत बाल्कनीच्या भोकातून थेट खालच्या मजल्यावर, जिथे काकूंनी वर्षाच्या तिखटाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. काकू वर आल्या, काही बोलल्या नाहीत, मिरच्यांचं ताट फक्त माझ्यासमोर धरलं. मी त्यांना अडीच किलो बेडगी आणून दिली, हाही किटचा खर्चच धरा.

दुकानात फोन केला तर उत्तर काय, "पावडर कमी पडतेय मॅडम, अजून दोन पाकिटं घ्या." घेतली. २२० रुपये. चार दिवस बरं वाटलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच, उलट आता वासाला गुळासारखी एक छटा आली होती. हीच ती धंद्याची सवय, वास आला की पाकीट, अळ्या झाल्या की पाकीट, खत लवकर हवं असेल तर पाकीट, आणि मोठं दुखणं असेल तर मोठं मशीन. मूळ औषध फुकट मिळतं आणि फुकट असतं म्हणूनच ते पत्रकात शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात छापलेलं असतं.

ते औषध मला सोसायटीच्या माळीकाकांनी दाखवलं. वर आले, झाकण उघडलं, हात घालून एक मूठ घेतली आणि दाबली, तर बोटांतून धार लागली. म्हणाले, "ताई, ह्याचा लगदा झालाय. सुकं घाला." मूठ दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, हात नुसता ओला व्हावा, एवढंच पाणी हवं. धार आली म्हणजे आत हवा राहिली नाही, आणि हवा नसली की कामाला येणारे जिवाणू वेगळे, ते सडवतात आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. हवा असेल तर कुजण्याचं काम दुसरे जिवाणू करतात आणि वास जंगलातल्या ओल्या मातीसारखा येतो.

मग मी जरा वाचलं. या जिवाणूंना कार्बन लागतो ताकदीसाठी आणि नायट्रोजन लागतो अंग भरायला, आणि हिशोब साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन असा बसावा लागतो. आपल्या भाजीच्या देठांत, सालींत, उरलेल्या पालेभाजीत नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन कमी. सुक्या पाल्यात, भुश्श्यात, पुठ्ठ्यात बरोबर उलटं. मी पाच आठवडे त्या बिचाऱ्यांना नुसतं कालवण वाढत होते, भाकरी कुठेच नाही. पोट बिघडणारच. तेव्हापासून एक वाटी कचऱ्याला दीड वाटी चुरलेला पाला, हा नियम, आणि वासाची तक्रार आठ दिवसात संपली. कोकोपीटही चालतं, पण ते विकत आणायचं आणि एवढा पाला खाली पडलेला असताना कशाला आणायचं.

पाला म्हटलं तर ठाण्याला काय तोटा. आमच्या आवारात दोन पर्जन्यवृक्ष आहेत, एक बदाम आणि कोपऱ्यात जांभूळ. उन्हाळ्याच्या तोंडावर एवढा पाला पडतो की झाडूवाले मावशी-काका ढीग करून कंपाउंडच्या भिंतीशी पेटवून द्यायचे आणि आख्ख्या बिल्डिंगला खोकला. आता तो गोणीत भरून ठेवतात, मी आणि चौथ्या मजल्यावरची एक मुलगी, दोघी मिळून वर्षाच्या सहा गोण्या. पर्जन्यवृक्षाची पानं इतकी बारीक की चुरायचीही गरज नाही. बदामाचं पान मात्र चामड्यासारखं, आख्खं टाकलंत तर चार महिन्यांनी आख्खंच बाहेर येईल, पायाखाली तुडवून टाका. पावसाळ्यासाठी गोण्या आधीच भरून कोरड्या जागी ठेवा, कारण जूनमध्ये तुम्हाला सुकं पान बघायलाही मिळणार नाही आणि नेमकं तेव्हाच ते सगळ्यात जास्त लागतं.

पावडरचं काय मग? त्यात जिवाणू असतात, खोटं नाही. पण ते जिवाणू आंबट ताकात आहेत, शेणात आहेत, गेल्या खेपेच्या खतात तर खच्चून आहेत. जुन्या खताची दोन ओंजळ नव्या मडक्यात टाकली की विरजण लागतं. दही लावायला आपण दर वेळी दुकानातून पाकीट आणतो का? पहिल्या खेपेला हाताशी काहीच नसतं तेव्हा एक पाकीट ठीक आहे, म्हणून दोन स्टार. पुढे नाही.

जूनमध्ये आणखी एक प्रकरण झालं. झाकण काढलं तर आत हे एवढे जाड, मळकट पांढरे किडे, शेकड्याने, आणि सगळं मिळून सळसळ असा आवाज. मुलगा ओरडत आत पळाला आणि मी पण पळाले, खोटं कशाला बोलू. या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असतात. ती माशी घरमाशीसारखी ताटावर येऊन बसत नाही, चावत नाही, आणि अळ्या कचरा इतक्या झपाट्याने खातात की पंधरा दिवसांचं काम चार दिवसात होतं. दुकानवाले म्हणाले होते फेकून द्या आणि नवं पाकीट टाका (हो, पुन्हा पाकीट). मी पाल्याचा जाड थर टाकून झाकण लावलं आणि आठवडाभर तिकडे बघितलंच नाही. बघवत नसेल तर सुकं वाढवा, ओल कमी झाली की त्याही कमी होतात.

आता काय टाकायचं काय नाही, यावर पत्रकात भलीमोठी यादी आहे आणि ती ज्याने केली त्याच्या घरी मासे शिजत नसावेत. आमच्याकडे बुधवार-रविवार कोलंबी, बांगडा असतोच. कोलंबीची सालं मी टाकते, पण मधोमध खड्डा करून, वर चांगला चार बोटं पाला, आणि एका वेळी एक मूठच. बांगड्याचं डोकं एकदाच टाकलं, बाल्कनीच्या ग्रिलवर रात्रभर मांजरांची बैठक होती, पुन्हा नाही. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, मक्याचं कणीस या जन्मी कुजणार नाही असं समजा. चहाचा चोथा उत्तम, अंड्याची टरफलं कुटून. गणपतीतलं निर्माल्य टाका पण दोरा आधी ओढून घ्या, मी घेतला नव्हता, अजून चाळणीत झेंडूच्या हारांचे दोरे सापडतात.

एकाने लिफ्टमध्ये विचारलं की कुत्र्याची शी यात चालेल का. नाही चालणार, आणि कारण महत्त्वाचं आहे म्हणून सांगते. शेतावरचा मोठा ढीग आतून ५५-६५ डिग्रीपर्यंत तापतो, त्या उष्णतेत रोगाचे जंतू आणि जंतांची अंडी मरतात. आपलं मडकं लहान, ते कोमट होतं फार तर. भाजीच्या सालीला कोमट पुरतं कारण तिच्यात मारण्यासारखं काही नसतंच. विष्ठेत असतं. तिला एकतर भरपूर उष्णता हवी नाहीतर भरपूर वेळ.

आणि हा विषय निघाला तेव्हा सासरे, जे इतके दिवस पेपराआडून माझी गंमत बघत होते, ते बोलले, "ह्यां काय नवीन नाय गो. आप्पांनी गोपुरीत ह्यांच केलेलां."

सासरे कणकवलीचे. आप्पा म्हणजे आप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना कोकणचे गांधी म्हणतात. कणकवलीजवळ त्यांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम काढला आणि तिथे शेती, चामड्याचं काम आणि संडास असे एकापेक्षा एक प्रयोग केले. मैल्यावर पाला-माती टाकायची, कुजू द्यायचं आणि वर्षाने जे निघेल ते शेताला, त्याला नाव सोनखत. सासरे शाळेत असताना तिथे जायचे, म्हणतात आम्ही नाक धरून गेलो आणि नाक सोडून आलो. हा माणूस १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होता तेव्हा त्याने मागणी काय केली तर मला भंगीकाम द्या, आणि सरकार देईना म्हणून अन्नत्याग केला, आणि त्याला पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपास धरला. मी ठाण्यात तीन मडकी ठेवून स्वतःला पर्यावरणवादी समजत होते. असो.

तर आमचा संडास. मुरबाड तालुक्यात सासऱ्यांनी रिटायर झाल्यावर वीस गुंठे घेतलेत, तिथे राखणदार दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं कायम राहतात, आम्ही शनिवार-रविवार. २०१८ मध्ये तिथे संडास बांधायचा होता. गवंडी म्हणाला सेप्टिक टाकी करू, सगळे तीच करतात, हौद मोठा दिसला की लोकांना भारी वाटतं. सासरे अडून बसले की दोन शोषखड्डेच हवेत. गवंड्याच्या मते हे "सरकारी, गरिबाचं काम". शेवटी सासऱ्यांनी स्वतः कागदावर काढून दिलं तेव्हा केलं.

रचना अगदी साधी. मीटरभर व्यासाचे आणि तेवढेच खोल असे दोन गोल खड्डे, दोघांत मीटरभर अंतर, आतून जाळीदार वीटकाम म्हणजे विटांमध्ये भोकं सोडलेली, तळाला काँक्रीट नाही, माती तशीच. संडासाच्या भांड्यातून पाइप येतो एका छोट्या चेंबरमध्ये, तिथून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे, एक वीट ठेवून एक फाटा बंद. एक खड्डा चालू, दुसरा रिकामा. पाणी मातीत मुरतं, गॅसही मातीतच जिरतो म्हणून तो सोडायला वर उभा पाइप लावायची गरज नाही. भांडं उताराचं घेतलं तर दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. साधारण पाच-सहा माणसांना एक खड्डा तीनेक वर्षं पुरतो, आणि भरला की वीट उचलायची, इकडची तिकडे ठेवायची. एवढंच. विहिरीपासून मात्र चांगला लांब घ्या, आमचा वीस मीटरवर आहे, आणि जिथे पावसाळ्यात हातभर खणलं की पाणी लागतं तिथे हा प्रकार करूच नका, पाणी खराब होईल. आमची जागा चढावर आहे म्हणून जमलं.

२०२१ मध्ये वीट फिरवली. निदान दीड-दोन वर्षं बंद ठेवा असं सांगतात, आम्ही आळसाने जवळजवळ चार वर्षं ठेवला. गेल्या मे महिन्यात उघडायचं ठरलं आणि त्या दिवशी प्रत्येकाला काहीतरी काम निघालं. नवऱ्याला ऑफिसचा कॉल, मुलाचं पोट दुखत होतं, मी स्वयंपाकाला लागले, जे मी तिथे एरवी करत नाही. दादांना सांगायचं सासऱ्यांनी साफ नाकारलं. म्हणाले, आपण केलेलं आहे, आपणच काढायचं.

इथे मला जरा थांबायचंय, कारण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आपल्याकडे दुसऱ्याचा मैला हाताने काढायचं काम पिढ्यानपिढ्या काही जातींच्या गळ्यात मारलं गेलं, २०१३ मध्ये त्याविरुद्ध पुन्हा एक कडक कायदा आला, आणि तरी गटारात आणि सेप्टिक टाकीत माणसं उतरतात आणि मरतात, ती टाकी जिला गवंडी भारी म्हणत होता. दोन खड्ड्यांची सगळी गंमत हीच की ताजा मैला कधीच कुणाला हाताळावा लागत नाही, जे निघतं ते मैला राहिलेलंच नसतं. पण हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशाच एका बंद खड्ड्यात स्वतः उतरले होते आणि खत हातात घेऊन दाखवलं होतं, ते पटवण्यासाठीच. आमच्याकडे सचिव नव्हते, ऐंशी पार केलेले सासरे होते. ते झाकणाला हात घालायला लागले तेव्हा नवऱ्याचा कॉल लगेच संपला.

आणि आत काय होतं? माती. खरंच सांगते, काळीभोर, भुसभुशीत, कोरडी, कॉफीच्या पावडरीसारखी, वास शून्य, म्हणजे पाऊस पडल्यावर येतो तेवढाच. माझ्या मडक्यातल्या पहिल्या खेपेपेक्षा चांगली, हे लिहिताना जीव जळतोय. सात-आठ घमेली निघाली. तरी आम्ही हातमोजे घातले, नंतर साबणाने हात धुतले, आणि ते सगळं आंब्याच्या, नारळाच्या आणि केळीच्या बुंध्याशी आळं करून मातीखाली घातलं. कोथिंबीर, मुळा, काकडी, जे कच्चं खातो आणि जमिनीला टेकतं, त्याला नाही. जंतांची अंडी चिवट असतात, चार वर्षांनी बहुतेक काही उरत नाही पण बहुतेकवर कोथिंबीर कशाला खायची. वहिनी पहिले दोन महिने त्या केळीकडे फिरकल्या नाहीत. सप्टेंबरमध्ये घड लागला तेव्हा त्याच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खावा, तुमच्याच आहेत." सासूबाईंनी मात्र अजून प्रत्येक फळाला विचारायचं सोडलेलं नाही, हे कुठल्या झाडाचं.

बाजूच्या प्लॉटवाल्यांनी हे बघितलं आणि त्यांना वाटलं आपणही करू. त्यांची सेप्टिक टाकी आहे, ते म्हणाले टँकरवाल्याला सांगतो, उपसा आणि भाताच्या शेतात सोडा. पाया पडून थांबवलं. सेप्टिक टाकीत वरून रोज ताजं पडत असतं, जुनं-नवं एकत्र, सगळं पाण्यात, हवा नाही. ते शेतात सोडलं तर दुर्गंध आणि रोग दोन्ही. ते प्रक्रिया केंद्रावरच जायला हवं. सोनखत आणि टाकीचा गाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे दीड-दोन वर्षांचा फरक आहे.

लघवीचं लिहू का? लिहिते. आपल्या शरीरातून जो नायट्रोजन बाहेर पडतो त्यातला बहुतेक लघवीतून जातो, आणि दहापट पाण्यात मिसळून झाडाच्या मुळाशी घातली तर ती सरळ खत आहे. मुरबाडच्या लिंबाला गेल्या वर्षी अचानक हिरवागार पाला फुटला तेव्हा मी शेणखताचं कौतुक करत होते. नंतर कळलं आमच्या घरातले दोन पुरुष वर्षभर एका जुन्या कॅनमध्ये गुपचूप प्रयोग करत होते. त्या लिंबाचं लोणचं मी तोपर्यंत तीन घरी वाटलेलं होतं. वाचत असाल तर माफ करा, लिंबात काही जात नाही.

आता आमच्या नणंदेच्या सोसायटीतलं मशीन, कारण किटच्या दुकानाने मलाही ते खपवायचा प्रयत्न केला होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनंतर मोठ्या सोसायट्यांवर ओला कचरा आवारातच जिरवायची जबाबदारी आली, तेव्हा अनेकांनी असली मशीनं घेतली. नणंदेकडे "चोवीस तासात खत" असं लिहिलेलं एक आहे. चोवीस तासात ते कचरा तापवतं, दळतं आणि सुकवतं. बाहेर येते ती तपकिरी पूड दिसायला खतासारखी, पण तिच्यावर पाणी पडलं की ती पुन्हा कुजायला सुरुवात करते, कारण ती कुजलेलीच नसते. नणंदेने कुंडीत घातली, तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि मोगरा गेला. ती पूड महिनाभर पाल्यात मुरवली तर खत होईल, पण तसं करायला सोसायटीत जागा नाही आणि विजेचं बिल बघून कमिटीत भांडणं झाली, सध्या मशीन जिन्याखाली झाकून ठेवलंय आणि त्यावर वॉचमन डबा खातात.

ही नणंद कोपरखैरण्याला राहते, तिच्याकडे गेलो की संध्याकाळी निसर्ग उद्यानात फिरायला जातो. पूर्वी तिथे डम्पिंग ग्राउंड होतं, आता वर झाडं आणि जॉगिंग करणारी माणसं. तिथे चालताना माझ्या डोक्यात पायाखाली काय काय पुरलंय हेच येत राहतं, नवरा म्हणतो तू आता कुठेच नॉर्मल फिरू शकत नाहीस.

परत मडक्यांकडे. पाच माणसांच्या घरात रोजचा पाऊणएक किलो ओला कचरा निघतो, त्याचं आणि पाल्याचं मिळून दर महिन्याला चारेक किलो चाळलेलं खत हाती येतं, पहिलं यायला मात्र तीन महिने लागले. चाळणीवर जे राहतं ते परत वरच्या मडक्यात, तेच विरजण. एवढं खत आमच्या सात कुंड्यांना कधीच लागत नाही, कढीपत्त्याला जास्त घातलं तर पानं एवढी मोठी आणि वास कमी असं झालं. म्हणून आता पोतं भरलं की मुरबाडला जातं, वांगी-मिरचीच्या वाफ्यात, जिथे खड्ड्याचं सोनखत आपण घालत नाही तिथे हे.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे सुका पाला साठवायला दोन गोण्यांची जागा आहे त्यांनी. एकटं माणूस असाल तर तीन मडकी जास्त होतील, कचरा कमी पडला की ते सुकून बसतं. बाल्कनीत थेट पाऊस येत असेल तर वर पत्रा हवा, नाहीतर जुलैत मडक्यात पाण्याचं तळं होईल. खाली एक जुना ट्रे ठेवा, मिरच्यांची आठवण ठेवा. मडकं वजनाला भारी आहे, भरलेलं एकट्याने उचलू नका, माझी कंबर आठ दिवस धरली होती. सुतळीची जाळी अकराव्या महिन्यात तुटली, मी नायलॉनची दोरी विणली, दुकानात जाळीचे ३०० रुपये सांगितले होते.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीला आता स्वतःचा सेट हवाय. काल तिला घेऊन दुकानात गेले आणि म्हटलं फक्त मडकी द्या, पावडर आणि वीट नको, पैसे कमी करा. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सेटच घ्यावा लागतो, सुटं मडकं आम्ही विकत नाही." आम्ही नमस्कार करून बाहेर आलो. मुरबाडला दादांच्या ओळखीचा एक कुंभार आहे, तळ न लावता दोन मडकी करून देशील का विचारलं तर आधी तो खूप हसला, म्हणाला बिनबुडाचं मडकं घेऊन करणार काय. दादांनी त्याला खड्ड्यापासून सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी बघायला बोलावलंय.